उतरतो, भाऊजी

९ मार्च

चि. जावईबापूंस,
अनेक आशीर्वाद.

या पत्रातून आणि लागल्यास यापुढच्या पत्रांतून मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. त्या सकाळी जळत्या विमानातून तुम्ही बाहेर पडलात, तेव्हा माझा मुलगा, आपला धाकटा, तुमच्याआधी बाहेर पडलेला आहे असे मानण्यास तुमच्यापाशी पुरेसे कारण होते. सबब, तुम्ही त्याला टाकून गेलात हे विधान असत्य आहे.

हे विधान दुसऱ्या कोणी केले असते तर मी कागद वाया घालवला नसता. ते तुम्ही स्वतः करीत आहात. महिनाअखेरीस चौकशी मंडळापुढे तुम्ही तसा जबाब देणार आहात, हे तुमच्या पत्नीकडून, आमच्या ताईकडून कळले. मंडळाच्या सचिवांना मी फोन केला. असा जबाब नोंदला गेला की आमचे हात बांधले जातात, खटला उभा राहतो, असे ते म्हणाले. ताईचे म्हणणे असे की तुम्हाला तेच हवे आहे. मनुष्याला शिक्षा हवीशी वाटणे हा त्याने अपराध केल्याचा पुरावा नव्हे. ज्याने आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले त्याच्या घरातल्या माणसाने तरी ही गल्लत करू नये.

प्रथम, ज्यावर वाद नाही ते. विमानात दोघेच. तुम्ही पुढे, चालक. धाकटा तुमच्या मागे, खालच्या अंगाला, नकाशे मांडून बसणारा नेव्हिगेटर. एकमेकांचे तोंड दिसत नसे. इंटरकॉमच्या वायरीतून आवाज तेवढा येई. तुमच्या खुर्चीखाली स्फोटक होते, कळ ओढली की ती तुम्हाला घेऊन बाहेर पडे. त्याच्या खुर्चीला ती सोय नव्हती. त्याने पट्टे सोडायचे, सरपटत दारापर्यंत जायचे, दार उघडायचे आणि छत्रीनिशी उडी घ्यायची. म्हणून नियम असा की आधी तो, मग तुम्ही. तो गेला हे तुम्हाला कळण्याचे साधन एकच होते. वायर दारापर्यंत पुरण्याइतकी लांब होती. उडी घेण्यापूर्वी तो तिचा प्लग उपटी, तुमच्या कानात टक् असा आवाज होई आणि मग काहीही ऐकू येत नसे.

शत्रूच्या धावपट्टीवर बाँब टाकून परतताना तुमच्या विमानाला आग लागली. आपली हद्द आल्यावर तुम्ही उडी घेण्याचा हुकूम दिलात. काही वेळाने टक् झाले. तुम्ही दोनदा हाक मारलीत. उत्तर आले नाही. तुम्ही कळ ओढलीत. विमान दलदलीत पडले आणि धाकटा त्याच्या खुर्चीत सापडला, पट्टे बांधलेला.

आता अनुमान. धूर दिसला की आपण विस्तव आहे असे मानतो. कधी ते धुके निघते. तेवढ्याने मानणारा मूर्ख ठरत नाही, अपराधी तर मुळीच नाही. त्या दिवशीचा आवाज धक्क्याने प्लग निसटल्यामुळे झाला असावा. धाकटा बहुधा तेव्हा शुद्धीवर नव्हता. धूर कोणासाठी निघत नाही. तो आवाजही कोणासाठी झाला नव्हता. एका निर्हेतुक खुणेवरून तुम्ही वाजवी अनुमान काढलेत आणि ते दुर्दैवाने चुकले. एवढेच.

उत्तर पाठवावे. ताई बरी आहे.

आपला,
अण्णा


१३ मार्च

चि. जावईबापूंस,
अनेक आशीर्वाद.

उत्तर नाही. मौनाला संमती समजण्याची लोकांत रीत आहे. मी ती पाळत नाही. म्हणून पुन्हा लिहितो.

ताई तुमच्याकडे येऊन गेली. तुमच्या खोलीत एक खाट, खुंटीवर गणवेश, आणि खाली पंपदुरुस्तीच्या कारखान्यात दिवसभर लेथ किंचाळत असते, असे तिने सांगितले. रजा घेऊन तुम्ही त्याच लेथवर काम करता म्हणे. दिव्याचा बल्ब काढून कोनाड्यात ठेवलेला आहे, असेही ती म्हणाली. मी कारण विचारले. तिने सांगितले नाही.

इकडे तिने उलट चालवले आहे. घरातले सगळे दिवे जाळत ठेवते. तुम्ही युद्धानंतर दवाखान्यातून सुटून इथे राहायला आलात तेव्हापासूनची ही सवय. तुम्ही निघून गेलात तरी गेली नाही. ती लावीत फिरते, मी मालवीत फिरतो.

"अण्णा, राहू द्या ना तो दिवा."

"दिवसाढवळ्या कोणाला शोधायचे आहे?"

"कोणाला नाही. तुम्ही बसा बघू खुर्चीत."

असो. मुद्दा वेगळा आहे. तुम्ही स्वतःला भित्रा ठरवू पाहता. पाठीचे दुखणे असताना, धाकटा सापडल्याला आठवडाही झाला नव्हता तेव्हा, तुम्ही पुन्हा विमानात बसलात आणि युद्ध थांबेपर्यंत बसत राहिलात. तुमचा नवा नेव्हिगेटर इथे भेटायला आला होता. पोरगेला आहे. चहाचा कप हातात धरून म्हणाला, "साहेब चांगले आहेत हो. पण सारखं विचारतात, 'आहेस ना?' जाताना 'आहेस ना', येताना 'आहेस ना'. एकदा वैतागून मी म्हटलं, नाही, बाजारात गेलोय. तर साहेब इतका वेळ गप्प झाले की मलाच घाम फुटला." भित्रा माणूस दुसऱ्याची इतकी विचारपूस करीत नाही.

धाकट्याबद्दल तुम्हाला माझ्याकडून काही ऐकायचे असेल असे वाटत नाही. तरी एक लिहितो, कारण ते मला कालपासून आठवते आहे. तो शाळेत असताना माझी दौत फुटली. मी घरी आलो तर खोलीचे दार बाहेरून लावलेले, आत शेजारणीचे मांजर, पायांना शाई. मी मांजर हाकलले आणि शेजारणीला चार शब्द सुनावून आलो. जेवताना त्याला विचारले, "तू घरात होतास. मांजर आत शिरलेले कळले नाही?" तो म्हणाला, "अण्णा, दौत माझ्याकडून फुटली."

"मग मांजर?"

"मांजर मी आत ठेवलं. पण मांजरानं फोडली असं मी एकदा तरी म्हटलं का? अनुमान तुम्ही काढलंत."

मी त्याला रागावलो खरा, पण पानावरून उठून जावे लागले, कारण हसू आवरेना. तो तोंडाने खोटे कधी बोलला नाही. खोटे बोलायची वेळ आली की गप्प बसे आणि समोर काहीतरी मांडून ठेवी.

आणखी एक. लग्न ठरवताना मी तुम्हाला घातलेली अट ताईने काल उगाच उकरून काढली. मी म्हटले होते, "हा विमानात असेपर्यंत तुम्ही विमान सोडायचे नाही." तुम्ही म्हणालात, "दिला शब्द." धाकटा म्हणाला, "म्हणजे मला डुलकी लागली तर हे म्हातारे होईपर्यंत उडत राहणार!" ताईने त्याला उशी फेकून मारली होती. ती अट म्हणजे नियमाचीच पुनरुक्ती होती. तिला स्वतंत्र महत्त्व नाही.

आपला,
अण्णा


१९ मार्च

चि. जावईबापूंस,
अनेक आशीर्वाद.

तुमचे कार्ड पोचले. उत्तर देण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत मांडावे, असा आमचा दंडक आहे. म्हणून उतरवून घेतो:

"अण्णा, सरावाच्या प्रत्येक खेपेला प्लग काढायच्या आधी तो म्हणायचा, 'उतरतो, भाऊजी.' बसमधून उतरावं तसं. लग्नाआधी 'उतरतो, कप्तान' म्हणायचा, लग्नानंतर भाऊजी. एकदाही चुकला नाही. त्या दिवशी हुकूम दिल्यावर मला त्याची धाप ऐकू येत होती, बराच वेळ. मग धाप थांबली. मग टक्. शब्द आला नाही. मला त्याच क्षणी कळलं की काहीतरी चुकलंय. आणि तरी मी कळ ओढली. हे चौकशीत कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आता सांगणार आहे. तुमचा धूर-विस्तव राहू द्या."

हा आक्षेप बळकट आहे. इतका बळकट की तो वाचून मी चष्मा काढून ठेवला.

माझे पहिले उत्तर असे होते की प्राणांतिक घाईत मनुष्य थट्टा करीत नाही. त्याने शब्द गाळला असेल. ते मी ताईला वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कोण, तो? अपेंडिक्सच्या वेळी टेबलावर झोपवला, तर डॉक्टरांना म्हणाला, शिवू नका, बटणं लावा, पुन्हा उघडायला बरं. अण्णा, तो थट्टा गाळणारा नव्हता. दुसरं काहीतरी शोधा."

"दुसरे नाही माझ्याकडे."

"मग लिहू नका. तुम्ही लिहिता, आणि ते तिकडे वाचून आणखी आत जातात. तुमची पत्रं म्हणजे उलटतपासणी असते."

"मी त्यांच्या बाजूने लिहितो आहे."

"बाजूने!" तिने सुरी खाली ठेवली. "तुम्हाला ठाऊक तरी आहे का ते इथून का गेले?"

मी म्हटले, खोली लहान पडत होती असे मला वाटले होते.

तेव्हा तिने सांगितले. दिव्याचे बटण टक् वाजले की तुम्ही जिथे असाल तिथे उठून उभे राहत होतात. घास हातात असला तरी. आधी ते तिच्या लक्षात आले, मग तिने बटणांना हात लावणेच सोडले आणि दिवे चालू ठेवले. "आणि तुम्ही," ती म्हणाली, "संध्याकाळी स्वयंपाकघर, मग माजघर, मग आमच्या खोलीबाहेरचा दिवा. टक्, टक्, टक्. ते खाटेवरून उठायचे, बसायचे, परत उठायचे. मी तुम्हाला सांगणार होते, तर त्यांनी शपथ घातली. म्हणाले, अण्णांचा मुलगा गेलाय, त्यांना निदान दिवे तरी मालवू दे."

हे तुम्ही मला सांगायला हवे होते. मी याहून अधिक आज लिहू शकत नाही. तुमच्या आक्षेपाला माझ्यापाशी उत्तर नाही. जबाब देण्याची घाई मात्र करू नये.

अण्णा


२४ मार्च

चि. जावईबापूंस,
अनेक आशीर्वाद.

धाकट्याच्या वस्तूंची पेटी हवाई दलाने पाठवल्यापासून माळ्यावर होती. तिचे सील आम्ही दोघांनीही तोडले नव्हते. काल ताईने स्टूल मांडले, पेटी खाली उतरवली आणि मला म्हणाली, "तुम्ही बसा इथे. मी काढते, तुम्ही बघा."

शिरस्त्राण. त्याला जोडलेली वायर. हातमोजे. घड्याळ. एक पेन्सिल, दोन्ही टोकांना तासलेली. आणि रुमालात गुंडाळलेली एक लोखंडी खीळ, तिला लाल फीत. ती कशाची हे मला कळले नाही. ताईला कळले. तुमच्याकडून किंवा त्याच्याकडून ऐकले असेल. दाराची मूठ चुकून फिरू नये म्हणून तिच्या भोकात ही खीळ असते. दार उघडायचे तर ती आधी हाताने उपटावी लागते. आणि उपटली की खिशात ठेवायची, कारण खीळ हरवली तर जमिनीवरच्या मेकॅनिकला बोलणी बसतात. "त्याच्या डाव्या खिशातच असणार," ताई म्हणाली, "तो सगळं डाव्या खिशात कोंबायचा."

मी चौकशी अधिकाऱ्यांकडे स्वतः गेलो. भला माणूस आहे. कपाटासमोर उभ्यानेच बोलत होता, मग मला पाहून बसला. मी तीन गोष्टी विचारल्या आणि त्याने लपवल्या नाहीत. खीळ डाव्या खिशात सापडली. वैयक्तिक वस्तू समजून कोणीतरी ती पेटीत टाकली. दाराची मूठ 'उघड' या बाजूला पूर्ण फिरलेली होती, पण चौकट आगीने वाकली होती आणि दार जागचे हलले नव्हते. ते बाहेरून कापताना त्यांच्या माणसांना दोन करवती बदलाव्या लागल्या. आणि वायर तुटलेली नव्हती. प्लग सरळ होता. वायर गुंडाळून, तिचे टोक त्याच्या गळ्याशी, कॉलरमध्ये नीट खोचलेले होते.

"धक्क्याने निसटली असेल तर?" मी विचारले.

"धक्का वायरीची घडी घालत नाही, अण्णा," तो म्हणाला. सगळे मला अण्णाच म्हणतात.

मी बाहेर आलो आणि त्यांच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिलो. रिक्षावाल्याने दोनदा विचारले. मी त्याला थांब म्हटले.

निष्कर्ष मला बसल्या जागी दिसला होता. तो लिहायला हात धजत नाही. तो तुमच्या हाती पडल्यावर तुमचे काय होईल, हे मला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही त्यावर मी आजवर सही केलेली नाही. ताईला सर्व सांगितले. तिने ती खीळ मुठीत घेतली. मग म्हणाली, "लिहा. त्यांच्यापासून तरी लपवू नका. लपवून लपवून हे घर रिकामं झालंय."

अण्णा


२७ मार्च

अरे,

लग्न ठरण्याआधी मी तुला असेच हाक मारीत होतो. मधली वर्षे जावईबापू म्हणण्यात गेली. आज ते जमत नाही.

नीट वाच. घाईने वाचू नकोस, आणि मध्येच उठू नकोस.

तू हुकूम दिलास. त्याने पट्टे सोडले, सरपटत दारापाशी गेला, खीळ उपटली, खिशात ठेवली. मूठ फिरवली. दार उघडले नाही. तुला जी धाप ऐकू आली ती त्या दाराशी चाललेल्या झटापटीची. याचा अर्थ तेव्हा तो शुद्धीवर होता आणि वायर जोडलेली होती. तोंड उघडले असते तर 'दार अडकले' हे दोन शब्द तुला ऐकू आले असते. ते त्याने उच्चारले नाहीत.

का नाही? कारण ते उच्चारले तर तू काय करशील हे त्याला ठाऊक होते. तू शब्द दिला होतास. माझ्या घरात, माझ्या मागणीवरून, त्याच्यादेखत. दार अडकले हे कळते तर तू विमान सोडले नसतेस, दोघे त्या दलदलीत गेला असतात, आणि तुझ्या दृष्टीने ते बरोबर झाले असते. त्याच्या दृष्टीने नव्हे.

म्हणून तो परत खुर्चीत आला. पट्टे बांधले. धाप आवरली, ती थांबलेली तू ऐकलीस. आता त्याने 'उतरतो, भाऊजी' म्हणायला हवे होते. तेवढे म्हणाला असता तर तुला शंकाही आली नसती आणि गेले वर्ष तुझे असे गेले नसते. पण तो उतरत नव्हता. तोंडाने खोटे त्याला कधी जमले नाही, तिथेही जमले नाही. मग त्याने माझ्या खोलीत जे केले होते तेच केले. तुझ्यासमोर एक खूण मांडून ठेवली आणि गप्प बसला. अनुमान तू काढावेस म्हणून. वायरीची घडी घातली, टोक कॉलरमध्ये खोचले. तुझ्या दोन हाका त्याच्यापर्यंत पोचल्या नाहीत, कारण ऐकण्याचे साधनही त्याने आपल्याच हाताने काढले होते.

आता तू म्हणशील, तो माझ्यामुळे गेला. थांब. हे अनुमान मी चालू देणार नाही. दार बंद होते. ते तू बंद केले नव्हतेस, तुला उघडता आले नसते. जमिनीवर धडधाकट माणसांना करवती बदलाव्या लागल्या. तो वाचण्याची वाट त्या विमानात नव्हती. प्रश्न एवढाच उरला होता की घरात एकाचे रडणे व्हावे की दोघांचे. त्याने तो सोडवला. तू कळ ओढलीस ती त्याला टाकून नव्हे. ती त्याने तुझ्याकडून ओढवून घेतली. तुझी शंका खरी होती, तुझे अनुमान चुकीचे होते, आणि तुझी कृती त्याला हवी होती तीच होती. असे तिन्ही एका वेळी खरे असू शकते, हे मला इतक्या वयात माझ्या मुलाने शिकवले.

त्याने पट्टे का बांधले, हे मला सिद्ध करता येत नाही. विमान सपाट उतरेल अशी आशा असेल. किंवा लहानपणापासून बसल्यावर नीट बसावे असे मी त्याला सांगत आलो, ते असेल. या जागी माझ्यापाशी तर्क नाही. मी या वाक्याशी दोन दिवस बसलो आणि उठलो.

त्या अटीबद्दलही मला बोलायचे आहे. ते कागदावर नको. समोर बसून.

ताई हे पत्र घेऊन येते आहे. खीळही तिच्यापाशी आहे. ती तुझ्याकडे असावी, कारण ती ज्याला परत करायची तो तुझ्याच विमानाचा मेकॅनिक. मंडळापुढे जायचे तर जा, पण पूर्ण सांग. तू सोडून गेलास एवढेच सांगितलेस तर ते अर्धे होईल, आणि त्याचे शेवटचे काम पुसले जाईल. ते पुसण्याचा हक्क तुला नाही. मलाही नाही.

मग घरी ये. विजेच्या दुकानदाराला मी विचारून आलो. आवाज न होणारे बटण मिळत नाही म्हणाला. वर म्हणाला, आवाज झाल्याशिवाय लागला की नाही ते कळणार कसं? त्याच्याशी वाद घातला नाही. सकाळीच घरातले सगळे दिवे लावले आणि बटणांवर चिकटपट्टी मारली. ताईने मला खुर्चीवर चढलेला पाहिला, आणि बऱ्याच दिवसांनी हसली, मग रडली. आता या घरात कोणी काही मालवणार नाही. स्वयंपाकघरातला, माजघरातला, तुमच्या खोलीबाहेरचा, सगळे चालू आहेत.

राहिली एक दुरुस्ती. नऊ मार्चच्या पत्रात मी लिहिले होते की धूर कोणासाठी निघत नाही, आणि तो आवाजही कोणासाठी झाला नव्हता. पहिले विधान बरोबर आहे. दुसरे चुकीचे आहे. तो आवाज तुझ्यासाठी होता. ही चूक माझी आहे आणि मी ती सहीनिशी मान्य करतो.

अण्णा